जेफ बकली: वडिलांचं नाव, नुसरतची तान आणि पाचव्या पट्टीवरचा कॅपो

तारसप्तक_टिळकवाडी (धागाकर्ता)

आपल्या बेळगाव सीमाभागातल्या गिटारवाल्यांत अमेरिकन गायक-गिटारवादक जेफ बकलीचा विषय निघाला की गाडी दोनच ठिकाणी थांबते. एक ‘हालेलूया’ हे गाणं, दुसरं त्याचं नदीत बुडणं. निपाणी सोडली की थेट पुणे, मधली गावं कुणी बघतच नाही. म्हणून हा धागा. त्याचं आयुष्य, कुणाला ऐकून तो घडला ते, आणि ही गाणी हातात-गळ्यात बसवायची कशी, हे सगळं एका जागी यावं.

आधी आयुष्य. जन्म १७ नोव्हेंबर १९६६, अनाहाइम, कॅलिफोर्निया. वडील टिम बकली हे साठच्या दशकातले नावाजलेले गायक; जेफ जन्मायच्या आधीच ते घरातून निघून गेले होते. आई मेरी गिबर्ट पियानो आणि चेलो शिकलेली. पोरगा वाढला तो सावत्र वडिलांच्या आडनावाने, स्कॉट मूरहेड म्हणून. घरात त्याला ‘स्कॉटी’ म्हणत. लेड झेपेलिनचा ‘फिजिकल ग्राफिटी’ हा त्याच्या मालकीचा पहिला अल्बम, आणि तो सावत्र वडिलांनी दिलेला. सख्ख्या वडिलांची खरी म्हणावी अशी भेट एकदाच, आठव्या वर्षी. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ जून १९७५ रोजी, टिम बकली अमली पदार्थाच्या अतिसेवनाने २८व्या वर्षी गेले. अंत्यविधीचं बोलावणं पोराला आलं नाही. पुढे त्याने जन्मदाखल्यावरचं नाव घेतलं: जेफ बकली.

शाळेनंतर हॉलीवूडच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमधला एक वर्षाचा कोर्स. मग बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मागे गिटार वाजवणं. गायक म्हणून लोकांनी त्याला पाहिलं ते २६ एप्रिल १९९१ला, ब्रुकलिनच्या सेंट ॲन चर्चमध्ये, वडिलांच्या आठवणीतल्या कार्यक्रमात. तिथे त्याने वडिलांचं ‘आय नेव्हर आस्क्ड टू बी युअर माउंटन’ गायलं. टिमनी हे गाणं सोडून आलेल्या बायको-पोराला उद्देशून लिहिलं होतं, म्हणजे गाणाऱ्यालाच उद्देशून. ‘वन्स आय वॉज’ गाताना गिटारची तार तुटली आणि शेवट त्याने नुसत्या गळ्यावर केला.

मला जे मांडायचंय ते याच प्रसंगात आहे. तार तुटली तरी गाणं उभं राहिलं, कारण त्याची गिटार ही मुळात संगत आहे. पेटीवाला गायकाच्या मागे बसतो तशी. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा, सगळ्या तारा दाबणारा चिमटा) कुठे, तारा कशा लावलेल्या, रिव्हर्ब (घुमारा) किती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ‘गळ्याला काय लागतं’ यावरून निघतात. गिटारवाले उलटं करतात: आधी बोटं बसवतात आणि शेवटी आवाज वर ठेवतात. तिथंच फसतं.

निपाणीकर

धागा मस्त. थोडी भर घालतो. सेंट ॲनच्या कार्यक्रमामुळेच गॅरी लुकस भेटला. त्याचा बँड ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’. लुकसकडे दोन वाद्य-रचना तयार होत्या, ‘राइज अप टू बी’ आणि ‘अँड यू विल’. जेफने त्यांवर शब्द आणि चाल चढवली. पहिलीचं झालं ‘ग्रेस’, दुसरीचं ‘मोजो पिन’. पुढे ‘ग्रेस’ याच नावाने जेफचा अल्बम आला, त्यातली पहिली दोन गाणी हीच. ‘ग्रेस’मधली गिटार जेफच्या एरवीच्या हातासारखी का वाटत नाही, याचं उत्तर इथे आहे. तो लुकसचा हात. त्यात सहावी तार ईवरून डीवर उतरवलेली असते, ती न उतरवता वाजवाल तर सुरुवातीची बोटं जुळणारच नाहीत.

नवशिका_वडगाव

हालेलूयाचे कॉर्ड सांगा की ओ कुणीतरी. नेटवर दहा ठिकाणी दहा प्रकार दिसायलेत.

तारसप्तक_टिळकवाडी

@नवशिका_वडगाव, घ्या.

कॅपो पाचव्या पट्टीवर. बोटं जी मेजरच्या घरातली, ऐकू येणारा सूर सी मेजर. पेटीच्या भाषेत पांढरी एक.

अंतऱ्याचा पहिला भाग: जी, ई मायनर, जी, ई मायनर, सी, डी, जी, डी.
दुसरा भाग: जी, मग सी आणि डी पाठोपाठ, ई मायनर, सी, डी, बी सेव्हन, ई मायनर.
धृपद: सी, ई मायनर, सी, आणि शेवटी जी-डी-जी.

दुसऱ्या भागात गंमत आहे. लेनर्ड कोहेनने शब्दांतच कॉर्ड लिहून ठेवलेत. ‘चौथा’, ‘पाचवा’ हे शब्द येतात तिथे खरंच चौथा आणि पाचवा कॉर्ड पडतो, ‘मायनर’ म्हणताना मायनर, ‘मेजर’ म्हणताना मेजर. त्यामुळे कॉर्ड अर्धी मात्रा जरी उशिरा बदलला तरी शब्द खोटा पडतो. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी काहीतरी बिघडलं हे कळतंच.

लय बारा-आठची. शिकताना ही घडण घ्या: अंगठा खर्जाच्या तारेवर, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. हे सहा झाले, बारा-आठच्या एका मापात दोन वेळा. रेकॉर्डवर जेफ इतकं सरळ कुठेच वाजवत नाही. मध्येच तारा सोडतो, मध्येच नुसती वरची तार धरतो. पण ही घडण हातात मुरल्याशिवाय ती मोडता येत नाही.

चुकतं कुठे, तर कॅपोने. पाचव्या पट्टीवर लावला की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो, तिसरी तार सगळ्यात आधी. कॅपो पट्टीला चिकटून, पण पट्टीच्या वर न चढवता लावा, आणि लावल्यानंतर पुन्हा सुरात आणा. आधी ट्यून करून मग कॅपो लावणारे निम्मे लोक बेसूर वाजवतात आणि दोष गिटारीला देतात.

पेटीवाला_शहापूर

वरच्या बी सेव्हनबद्दल पेटीवाल्याच्या नजरेतून एक गोष्ट. कॅपोमुळे तो प्रत्यक्षात ई सेव्हन ऐकू येतो. पांढरी एक सा धरलात तर त्यातले सूर ग, कोमल ध, नि आणि रे. अख्ख्या गाण्यात सगळे शुद्ध सूर चाललेले असतात आणि इथे एकदाच कोमल ध डोकावतो. अंतऱ्याच्या शेवटी पोटात जो खड्डा पडतो तो या एका सुराचा. गिटारवर तो चौथ्या तारेच्या पहिल्या पट्टीत आहे, म्हणजे कॅपोपासून पहिल्या. ते बोट हलकं पडलं तर कॉर्ड वाजतो पण खड्डा पडत नाही. तेवढी तार वेगळी छेडून बघा.

काळी_एक

हे गाणं जेफचं नाही हे मात्र प्रत्येक वेळी सांगावं लागतं. कोहेनचं, १९८४च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’मधलं. आणि जेफने उचललं ते कोहेनकडून थेट नव्हे, जॉन केलकडून. १९९१ला ‘आय’म युअर फॅन’ नावाचा कोहेनच्या गाण्यांचा संग्रह आला, त्यात केलने नुसत्या पियानोवर गायलं. कोहेनने केलला पानंच्या पानं कडवी फॅक्सने पाठवली होती, त्यांतून केलने आपली निवड केली. जेफची कडवी केलच्याच निवडीतली. म्हणजे पियानोवरचं गाणं त्याने एका टेलिकास्टर गिटारवर आणलं. अंतऱ्यातली ती सुट्या सुरांची चाल पियानोच्या डाव्या हाताची आठवण करून देते ती उगाच नाही.

‘ग्रेस’मध्ये दहा गाणी, त्यांतली तीन दुसऱ्यांची: हे, ‘लायलॅक वाइन’ आणि ‘कॉर्पस क्रिस्टी कॅरल’. ‘लायलॅक वाइन’ नीना सिमोनच्या गायकीवरून, ‘कॅरल’ बेंजामिन ब्रिटनच्या रचनेवरून. एका रॉक अल्बममध्ये ही तीन शेजारी नांदतात आणि चौथ्या बाजूला ‘इटर्नल लाइफ’चा दणका, यावरून त्याचं ऐकणं किती पसरलेलं होतं ते बघा.

मलप्रभा

आता आपल्या कानाच्या जवळचा भाग. नुसरत फतेह अली खान. जेफने त्यांना पहिल्यांदा ऐकलं १९९०ला, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, खोलीतल्या सोबत्याबरोबर. नंतर तो सेंट मार्क्स प्लेसवरच्या ‘शिनेय’ नावाच्या छोट्या आयरिश कॅफेत एकटाच गिटार घेऊन गायचा, तिथे ‘ये जो हल्का हल्का सुरूर है’ उर्दूत गायचा. ‘नुसरत म्हणजे माझा एल्विस’ असं तो तिथल्या श्रोत्यांना सांगतो, ते रेकॉर्डवर आहे. १९९६ला ‘इंटरव्ह्यू’ मासिकासाठी त्याने नुसरतसाहेबांची मुलाखत घेतली, त्यांच्या एका संग्रहाला टिपण लिहिलं. दोघेही १९९७ला गेले, जेफ मे महिन्यात आणि नुसरतसाहेब १६ ऑगस्टला.

त्याने कव्वालीतून घेतलं काय?

शब्दाआधीचा सूर. ‘मोजो पिन’ची सुरुवात ऐका, शब्द येण्याआधी तो गुणगुणत जागा शोधतो. कव्वालही थेट मुखड्यावर उडी मारत नाही.

तकरार. एकच ओळ परत परत, दरवेळी थोडी वरून. ‘ग्रेस’चा शेवट आणि ‘लव्हर, यू शुडव्ह कम ओव्हर’चा शेवट दोन्ही याच पायऱ्यांनी चढतात.

एका स्वरवर्णावर लांब फिरत. इंग्रजी गाण्यात अक्षराला एक सूर ही साधी रीत असते, हा एका ‘ऊ’वर पाच-सात सूर सहज घालतो.

आणि खाली ठेका पक्का असताना वर गळा मोकळा सोडणं. टाळ्या आणि तबला जे काम कव्वालांकडे करतात ते त्याच्या बँडमध्ये ड्रमवाला मॅट जॉन्सन आणि बेसवाला मिक ग्रॉन्डाल करतात.

काळी_एक

तकरार पटली. पण ‘जेफ बकली म्हणजे हिंदुस्थानी गायक’ असं कुणी म्हणायच्या आत थांबवतो. राग नावाची शिस्त त्याच्याकडे नाही, तो कॉर्डच्या पायरीवर पाय ठेवूनच वर जातो. कॉर्ड बदलला की त्याचा सूर बदलतो. कव्वालाच्या खाली सा हलत नाही, याच्या खाली सतत हलतो. सरगमही त्याने नकलेइतकीच केली. शिवाय लोक त्याच्यावर एडिथ पियाफ, व्हॅन मॉरिसन, बॉब डिलन, द स्मिथ्स, कॉक्टो ट्विन्स यांचं ऋण आहे हे विसरतात. १९९३ला आलेल्या ‘लाइव्ह ॲट शिनेय’ या पहिल्या रेकॉर्डवर चारच गाणी आहेत: दोन स्वतःची, एक पियाफचं फ्रेंच, एक व्हॅन मॉरिसनचं. त्याचा पाया तो.

चिकोडी_फास्ट

कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. कुमार गंधर्वांच्या छोट्या छोट्या तुकड्यांतल्या ताना आणि जेफचं मध्येच श्वास तोडणं, यात साम्य नाही का?

पेटीवाला_शहापूर

@चिकोडी_फास्ट, अण्णा, कुमारजींना उगाच ओढू नका. क्षयाच्या दुखण्यानंतर त्यांनी श्वासाच्या हिशेबाने गायकी बांधली, तिच्यामागे पूर्ण रागविचार उभा आहे. जेफचं श्वास तोडणं शब्दाच्या भावनेमुळे. कानाला सारखं वाटतं म्हणून नातं लागत नाही.

त्यापेक्षा पक्कं नातं सांगतो, पेटीचं. ‘लव्हर, यू शुडव्ह कम ओव्हर’ची सुरुवात हार्मोनियमने होते आणि ती जेफने स्वतः वाजवलीय. आणि शेवटच्या ‘ड्रीम ब्रदर’मध्ये तबला आहे, मिशा मसूद यांचा. पेटीवादक रामभाऊ विजापुरेंच्या गावात हे माहीत नसावं, म्हणजे कमालच.

नवशिका_वडगाव

मग लव्हरला घरातली पेटी लावली तर चालेल काय? गिटारबरोबर जुळंना झालीय.

पेटीवाला_शहापूर

चालेल की. जुळत नाही त्याचं कारण साधं आहे. जुन्या पेट्या बहुतेक वेळा ४४० वर नसतात, थोड्या चढ्या लावलेल्या असतात. पेटी काही तुम्ही पिळून उतरवू शकत नाही. गिटारच पेटीकडे न्यायची.

फोनवर ट्यूनरचं ॲप उघडा. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरा, भाता एकसारखा चालवा. ट्यूनर किती हर्ट्झ दाखवतो ते बघा, समजा ४४३. आता ॲपच्या सेटिंगमध्ये आधारसूर ४४० चा ४४३ करा आणि त्यावर गिटार लावा. भाता जोरात हाणला की सूर हलतो, म्हणून मोजताना जोर तेवढाच ठेवा जेवढा गाण्यात ठेवणार.

वाजवताना खर्ज-नर अशा दोन सुरांची पेटी असेल तर खर्ज बंद करा. बेस गिटारच्या जागेत तो घुसतो आणि सगळा गढूळ आवाज होतो. बोटं दोन-तीनच, सूर लांब धरलेले, भाता हळू. भजनात करतो तसं गायकाच्या मागून चाल गिरवायची नाही. इथे पेटीने फक्त जमीन धरायची असते. आणि बँड आत आला की पेटी थांबवा.

पावसात कळपट्ट्या अडकत असतील तर पेटी उन्हात किंवा शेगडीजवळ नेऊ नका. लाकूड फुगलंय म्हणून त्या एकमेकींना घासतात. उन्हात घातली की तेच लाकूड तडकतं आणि भात्याचं चामडं कडक होतं. पेटीच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका, महिन्याला बदला, आणि रोज दहा मिनिटं वाजवा. तरीही अडकलीच तर कारागिराकडे. घरी कानशीने घासत बसू नका.

ओपन_जी

‘लास्ट गुडबाय’साठी तारा वेगळ्या लावायच्या असतात हे कुणी लिहिलं नाही अजून. जाडीकडून बारीकडे: डी, जी, डी, जी, बी, डी. म्हणजे नेहमीच्या लावणीतून सहावी, पाचवी आणि पहिली या तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण सूर खाली. चौथी, तिसरी, दुसरी तशाच.

सुरुवातीला काचेची नळी फिरते, म्हणजे स्लाइड. त्यात घोटाळे दोन. एक, नळी पट्ट्यांच्या मधे धरली जाते. बोटाने वाजवताना पट्टीच्या मागे दाबतो त्या सवयीने. नळी बरोबर पट्टीच्या वर, समांतर. दोन, तारा सैल केल्यावर खडखडतात, कारण नऊ नंबरच्या बारीक तारा असतात. अकरा नंबरचा संच टाका. टाकल्यावर मानेचा ताण बदलतो, तारांची उंची पुन्हा बघा. नळीच्या मागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, उरलेली बोटं तारांवर हलकी टेकवा, नाहीतर दुहेरी सूर कण्हत राहतो.

गाण्याच्या मधोमध परत नेहमीच्या लावणीवर यायची धडपड करू नका. दोन गिटारी नसतील तर कार्यक्रमात हे गाणं पहिलं किंवा मध्यंतरानंतरचं ठेवा.

जांबोटीचा_पाऊस

गिटार-ॲम्पचं लिहितो. त्याची ओळखीची गिटार म्हणजे १९८३ची फिकट पिवळी फेंडर टेलिकास्टर, सेंट ॲनच्या त्या कार्यक्रमाशी संबंधित मैत्रिणीकडून उसनी घेतलेली. २०२०ला ती म्यूज बँडच्या मॅट बेलामीने विकत घेतली. ॲम्प फेंडर व्हायब्रोव्हर्ब, गडगडाटासाठी मेसा बूगी, आणि तो तळघरासारखा घुमारा अलेसिस क्वाड्राव्हर्ब या यंत्राचा. शिवाय लेस पॉल आणि बारा तारांची रिकनबॅकरही होती.

आपल्याकडे हे सगळं आणायची गरज नाही. एक सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार, एक स्वच्छ ॲम्प, एक साधा रिव्हर्ब पुरतो. सुरुवात इथून करा: घुमारा विरायला साधारण ३ ते ४ सेकंद, मूळ सुरानंतर घुमारा सुरू व्हायला ३०-४० मिलिसेकंद, प्रमाण पाव हिस्सा. ती ३०-४० मिलिसेकंदांची फट महत्त्वाची. ती नसेल तर छेडलेला सूर आणि घुमारा एकत्र येऊन शब्द झाकतात. मंगल कार्यालयात वाजवणार असाल तर प्रमाण निम्मं करा. तिथल्या भिंती आणि पत्रे उरलेला रिव्हर्ब फुकट देतात.

सिंगल कॉइलची गुणगुण हा वेगळा त्रास. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येते. इन्व्हर्टरवर गेल्यावर ती एकदम करकरीत होत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे, साइन वेव्हचा लागतो. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर आधी सॉकेटची अर्थिंग तपासा. मंडपातल्या एक्स्टेंशन बोर्डाला तिसरी पिन असते, पण तिच्यामागे वायर असेलच असं नाही. अर्थिंग नसताना गिटार हातात आणि ओठ लोखंडी माइकला, हा प्रकार जिवावर बेततो. मीटरने तपासल्याशिवाय चढू नका. ट्यूबलाइट आणि डिमरपासून गिटार जरा फिरवून उभे राहा, नुसत्या कोनाने फरक पडतो.

खानापूर-जांबोटीकडच्यांनी तारांवर दरवेळी कोरडं फडकं फिरवावं. पावसाळ्यात तिसऱ्या आठवड्यात तारा काळ्या पडतात आणि मंद वाजतात. हालेलूयासारख्या उघड्या गाण्यात ते लगेच कळतं.

मलप्रभा

गळ्याचं राहिलं. त्याच्या आवाजाचं ‘चार सप्तकं’ वगैरे कौतुक चालतं, ते बाजूला ठेवा. ऐकण्याची गोष्ट आहे सांध्याची. तो भरल्या आवाजातून पातळ आवाजात जातो तेव्हा दार उघडल्याचा आवाज येत नाही. आपल्याकडे त्या पातळ आवाजाला ‘खोटा आवाज’ म्हणून शास्त्रीयवाले नाक मुरडतात, पण इथे तोच कामाचा आहे.

सांधा गुळगुळीत करायचा असेल तर खालून वर जाऊ नका. पुरुष गळ्यात पांढरी एक सा धरली तर तार सप्तकातल्या ग-म-पच्या आसपास आवाज फुटतो. पातळ आवाजात तार प घ्या, ‘ऊ’वर, हळू. तिथून सुरासुराने खाली मधल्या पपर्यंत उतरा. आवाज कुठे ‘घट्ट’ होतो ते बघा आणि तो क्षण जितका खाली ढकलता येईल तितका ढकला. पाच वेळा ‘ऊ’, मग पाच वेळा ‘ओ’, शेवटी ‘आ’. ‘आ’ने सुरुवात केली तर फुटणारच. दहा मिनिटं पुरे. घशात खवखव आली तर तिथेच थांबायचं, गरम पाण्याने ती झाकून पुढे जायचं नाही.

आणि खर्जाचा रियाज सोडू नका. हालेलूयाचा पहिला अंतरा खालीच आहे. तिथे आवाजात वजन नसेल तर शेवटच्या लांब सुराला उंची येत नाही.

तारसप्तक_टिळकवाडी

@मलप्रभाताई, याला जोडून माइकचं. हालेलूयाच्या रेकॉर्डवर पहिला आवाज गिटारचा नसून त्याने सोडलेल्या श्वासाचा आहे. तेवढं बारीक ऐकू यायला हवं तर अंतऱ्यात माइक ओठांपासून दोन बोटांवर, वरच्या सुरांना एक वीत मागे. जवळ गेलं की खालचा भाग फुगतो, म्हणून मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. मंडपवाल्याने गळ्यावर एको आधीच लावलेला असतो, तो बंद करून घ्या. गिटारला रिव्हर्ब आणि गळ्याला एको असं एकत्र झालं की शब्द चिखलात.

निपाणीकर

+१. तबलेवाल्यांसाठीही एक ओळ. ही सहाची लय दादऱ्यासारखी वाटते, पण हालेलूयावर दादऱ्याचा ठेका धरू नका. चौथ्या मात्रेवरची खाली कॉर्डच्या वजनाशी भांडते. तबला हवाच असेल तर ‘ड्रीम ब्रदर’ घ्या, तिथे जागा केलेली आहे.

चिकोडी_फास्ट

ड्रीम ब्रदर कुणावर आहे?

काळी_एक

फिशबोन बँडमधल्या ख्रिस डाउड या मित्राला उद्देशून. माझा बाप जसा सोडून गेला तसं तू करू नकोस, असं सांगणारं. अल्बमचं शेवटचं गाणं म्हणून ते ठेवलंय आणि तिथे पुन्हा टिम बकलीच उभे राहतात. मुलाखतींत तो वडिलांचा विषय टाळायचा, गाण्यात टाळता आला नाही.

आणखी एक. या अल्बमवर आधी ‘फरगेट हर’ नावाचं गाणं होतं. कंपनीला ते चालणारं गाणं वाटत होतं. जेफने ते काढून ‘सो रिअल’ घातलं, नवा गिटारवाला मायकेल टाय याच्याबरोबर लिहिलेलं. ‘फरगेट हर’ अधिकृतपणे आलं २००४ला. दोन्ही ऐका. ‘फरगेट हर’ सुबक आहे, पण त्याचा निर्णय बरोबर होता असं माझं मत. ‘सो रिअल’च्या मधल्या त्या गोंगाटाशिवाय पुढच्या हालेलूयाची शांतता इतकी खोल लागली नसती.

ओपन_जी

‘फरगेट हर’ काढलं ही चूक होती, असं माझं मत. असो, भांडण नको.

नवशिका_वडगाव

अल्बम तेव्हा गाजला होता काय?

निपाणीकर

नाही. ‘ग्रेस’ २३ ऑगस्ट १९९४ला कोलंबियाने आणला. ध्वनिमुद्रण वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, निर्माता अँडी वॉलेस, ज्याने निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’चं मिक्सिंग केलं होतं. तेव्हा अमेरिकेच्या यादीत १४९च्या वर गेला नाही. फ्रान्सने मात्र लगेच उचलला, १९९५ला तिथला मानाचा ‘ग्रां प्री द्यु दिस्क’ मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समध्येच अझरबैजानचे मुगाम गायक आलिम कासिमोव यांच्याबरोबर तो ‘व्हॉट विल यू से’ गायला. ते ‘लाइव्ह आ लॉलिंपिया’मध्ये आहे. दोन परक्या गायकी समोरासमोर बसून एकमेकींना जागा कशी देतात ते ऐकायचं असेल तर हेच.

हालेलूयाचं यश सगळं नंतरचं. ब्रिटनमध्ये २००८च्या नाताळात ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिल्यावर अलेक्झांड्रा बर्कचं, तेही हालेलूयाच. २०१४ला अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेलं. प्रभाव मात्र आधीच सुरू झाला होता: १९९४ला लंडनमध्ये त्याला ऐकून आल्यावर रेडिओहेडच्या थॉम यॉर्कने ‘फेक प्लास्टिक ट्रीज’ गायलं.

जांबोटीचा_पाऊस

मृत्यूबद्दल आत्महत्या, नशा असलं काहीबाही फिरतं म्हणून एकदाच लिहितो. दुसऱ्या अल्बमसाठी तो मेम्फिसला राहत होता. आधीचं ध्वनिमुद्रण निर्माता टॉम व्हर्लेनबरोबर झालं होतं, त्यावर तो समाधानी नव्हता. बँडची मंडळी नव्याने सुरुवात करायला २९ मे १९९७ला विमानाने येत होती. त्याच संध्याकाळी तो बूट-कपड्यांनिशी वुल्फ नदीत उतरला, टगबोट जवळून गेली आणि तिच्या लाटेनंतर तो दिसला नाही. देह ४ जूनला सापडला. शवचिकित्सेत अमली पदार्थ आढळले नाहीत, अपघाती बुडून मृत्यू अशी नोंद झाली. वय ३०. बूट घालून ओढीच्या पाण्यात उतरणं म्हणजे काय, हे घटप्रभेकाठच्यांना सांगायला नको. अर्धवट राहिलेली गाणी १९९८ला ‘स्केचेस फॉर माय स्वीटहार्ट द ड्रंक’ म्हणून आली.

चिकोडी_फास्ट

मग ऐकायला सुरुवात कुठून करू? हालेलूया सोडून सांगा.

मलप्रभा

‘शिनेय’ची २००३ची दोन सीडींची आवृत्ती. एकटा माणूस, एक गिटार, मागे कपबशांचा आवाज, आणि त्यातच ती नुसरतची कव्वाली. नंतर ‘ग्रेस’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. मग ‘लव्हर’ परत एकदा हेडफोनवर, सुरुवातीच्या पेटीसाठी.

नवशिका_वडगाव

पेटी ४४२ निघाली ओ काका. गिटार तिकडं नेली, जुळायली आता. पण कॅपो लावला की तिसरी तार अजून चढतीय.

पेटीवाला_शहापूर

कॅपोची स्प्रिंग कडक असेल. स्क्रूचा कॅपो घ्या, तार खरखरायची थांबेल इतकाच आवळा, त्यापुढे अर्धा फेराही नको. तरी चढली तर कॅपो लावूनच तिसरी तार किंचित उतरवा. आणि गाणं संपल्यावर कॅपो काढलात की ती परत वर घ्यायला विसरू नका.